गॅलरीतला बंद फ्रिज

बावीस वर्षं मी मस्कतला जहाजांच्या सुट्या भागांच्या गोदामात स्टोअरकीपर होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पेणच्या रामवाडीत आमच्या इमारतीत ज्याला मी हे किमान दोनदा ऐकवलं नाही असा माणूस सापडणं कठीण. हजारो नट, बोल्ट, वॉशर, आणि कुठला कुठल्या फळीवर आहे ते डोळे मिटून सांगायचो, असं मी लोकांना सांगत असे. माझे मिटलेले डोळे कुणी पाहिले नव्हते, त्यामुळे वाद होत नसे.

म्हणून गेल्या एप्रिलात आमचं बिऱ्हाड पेणहून रोह्याला हलवायचं ठरलं, तेव्हा बांधाबांध मीच करणार याबद्दल मला तरी शंका नव्हती. माझी बायको ताजुन्निसा उर्दू शाळेत शिकवते. अख्खी रामवाडी तिला 'बाई' म्हणते. आदल्या जूनमध्ये तिची बदली रोह्याजवळच्या शाळेत झाली, आणि वर्षभर एसटीने जाऊन-येऊन तिचे गुडघे दुखायला लागले. मुलगी उमामा लग्न होऊन पुण्याला, मुलगा जुहेब नोकरीला दोह्यात. मागे उरलो मी, आणि मला रोहा काय नि पेण काय, रिकामं बसायला जागा सगळीकडे सारखीच.

सामान हलवणाऱ्या कंपनीला बोलवावं असं ताजुन्निसाचं म्हणणं होतं. ते ऐकून मी जरा दुखावलो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विषय सोडून दिला. तिच्या या पाहण्याचा अर्थ मी त्या वेळी 'विश्वास' असा लावला.

मी बाजारातून खोकी आणली, चिकटपट्टी आणली, तीन रंगांचे कागद आणि एक जाडजूड रजिस्टर आणलं. लाल म्हणजे स्वयंपाकघर, निळा म्हणजे कपडे, पिवळा म्हणजे संकीर्ण. प्रत्येक खोक्याला नंबर आणि आतल्या प्रत्येक वस्तूची रजिस्टरमध्ये नोंद. चार दिवसांत माझी बावीस खोकी झाली. ताजुन्निसाने एका रविवारी, शाळेचे पेपर तपासता तपासता, भांडी जुन्या चादरींत गुंडाळून नऊ गाठोडी बांधली आणि त्यांच्यावर काहीच लिहिलं नाही. कुठल्या गाठोड्यात काय आहे असं मी विचारलं, तर ती म्हणाली की बांधलंय तिनेच, तर माहीत असणारच. ही पद्धत गोदामात चालत नाही, एवढं मी तिला समजावून सांगितलं.

माझ्या पद्धतीत मात्र एक चूक झाली होती. चहा-साखरेचे डबे पहिल्याच दिवशी चौथ्या नंबरच्या खोक्यात गेले, आणि त्याच्यावर पाचपासून अकरापर्यंत खोकी चढली. त्यामुळे मी चार दिवस कोपऱ्यावरच्या टपरीत चहा पीत होतो आणि टपरीवाल्याला खोक्यांचे नंबर सांगत होतो.

बुधवारी मी मागच्या गॅलरीकडे वळलो. तिथे एक जुना फ्रिज होता. मस्कतच्या पहिल्या सुट्टीत मी तो मोठ्या थाटात घेतला होता. तो बिघडूनही पंधरा वर्षं झाली असतील. त्याच्यावर चादर, चादरीवर लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, आणि दार उघडू नये म्हणून भोवती परकराची नाडी करकचून बांधलेली. बायका काहीही साठवून ठेवतात, हे माझं मत त्याला बघून आणखी पक्कं झालं. सकाळी निघताना ताजुन्निसा म्हणाली होती, "फ्रिजचं मी बघते. तुम्ही हात लावू नका." ती स्वयंपाकघरातल्या चालू फ्रिजबद्दल बोलतेय अशी मी स्वतःची समजूत करून घेतली. मेलेल्या फ्रिजचं कुणी काय बघायचं?

नेमका त्याच दुपारी भंगारवाला नितेश टेम्पो घेऊन गल्लीत आला. मी त्याला वर बोलावलं. त्याने आणि त्याच्या जोडीदाराने फ्रिज उचलला. "शेठ, जड लागतोय," नितेश म्हणाला. त्यावर, जुन्या काळचा पत्रा आहे, आताच्या वस्तूंसारखा नाही, असं मी त्याला सांगितलं. जिना उतरेपर्यंत मी मागून सूचना देत होतो. रजिस्टरमध्ये मी 'निकाली' असा नवा रकाना पाडला आणि पहिली नोंद केली. मला फार बरं वाटलं.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला इंदुबाई आल्या. इंदुबाई आमच्या मागच्या चाळीत राहतात. मूळच्या खाडीकाठच्या गावातल्या. नवऱ्याची मिठागरावरची मजुरी संपली तेव्हा दोघं पेणला आली. त्या दारातच बसल्या. घरात चहा नाही हे मी सांगताच उठल्या, घरी जाऊन किटलीतून चहा घेऊन आल्या, आणि माझ्याच कपात मला ओतून दिला.

"बाई चालल्या रोह्याला," त्या म्हणाल्या. "म्हटलं माजे कागद घेऊन जाऊ."

कसले कागद, मी विचारलं.

"जमिनीचे. गावच्या घरात उधाणाचं पाणी शिरतं, चाळीत घुशी हायत. म्हणून बाईंकडं ठेवलेले. त्या बंद फ्रिजात हायत, गॅलरीतल्या."

कप माझ्या हातात होता. तो मी खाली ठेवला, एवढं आठवतं.

पुढचं इंदुबाई अगदी सहज बोलत गेल्या. फ्रिजच्या दाराला रबर असतं, आत घूस जात नाही, वाळवी जात नाही, ओल जात नाही. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, तिथवर पाणी येत नाही. एकीने ठेवलं, मग दुसरीने ठेवलं. गल्लीतल्या धोंडुबाईंचे पेन्शनचे कागद तिथेच, निकेशचं आयटीआयचं सर्टिफिकेट तिथेच, आणखी कुणाकुणाचं काय काय, ते फक्त बाईंना ठाऊक. पंधरा वर्षं रामवाडीतल्या निम्म्या बायकांची तिजोरी माझ्या गॅलरीत होती. मी दर दोन वर्षांनी महिनाभर येत होतो, आणि पाच वर्षांपूर्वी कायमचा आलो, आणि त्या तिजोरीला टेकून रोज पेपर वाचत होतो.

खोटं बोलावं असं एकदा वाटलं. रोह्याला पुढे पाठवलाय, असं म्हणता आलं असतं. पण तेवढ्यात निकेशची आई जिन्यावरून विचारत आली, की बाई नसल्या तरी सर्टिफिकेट मिळेल का, पोराला कंपनीत दाखवायचंय. मी दोघींना खरं सांगितलं. निकेशची आई गॅलरीत जाऊन बघून आली. इंदुबाईंनी उठून पदर खोचला आणि त्या म्हणाल्या, "गाडी काढा."

नितेशचं दुकान गडबला, हायवेला लागून. त्याचा फोन बंद लागत होता. माझ्या स्कूटरवर मागे इंदुबाई आडव्या बसल्या, एक हात माझ्या खांद्यावर. वाटेत त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. फक्त त्या जमिनीची गोष्ट सांगत राहिल्या: बांध फुटून शेतात खारं पाणी शिरलं ते साल, सासऱ्याने अंगठा दिला ते साल, तीन भावांत वाटणी झाली ते साल. कागद गेला तर दीर काय म्हणेल तेही सांगितलं. मी मध्येमध्ये 'व्हय, व्हय' करत होतो. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मला गाडी नीट चालवता आली असती.

गडबला पोचलो तर नितेश पत्र्याच्या सावलीत वायरी सोलत बसला होता. फ्रिज कालच हमरापूरला गेला, म्हणाला. गणपतीच्या कारखान्यातल्या नमिताताईंनी कधीपासून सांगून ठेवलं होतं, शाडूची माती ओली राहायला बंद फ्रिज हवा म्हणून. दार उघडलं होतं का, असं मी विचारलं. नाडी बांधलेली होती, ती कशाला सोडायची, तो म्हणाला. फोनचं विचारलं तर तो पाण्याच्या पिंपात पडला होता.

हमरापूर म्हणजे पेणच्या पलीकडे. जेवढं आलो तेवढं मागे, आणि वर तेवढंच पुढे. उन्हाने डांबर चकाकत होतं. ओल्या मातीखाली दबलेले सात-बारा माझ्या डोळ्यांपुढे येत होते. ताजुन्निसाला फोन करायला हवा हे कळत होतं. पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा मी फोन बाहेर काढला, वेळ बघितली, आणि परत खिशात ठेवला.

नमिताताईंचा कारखाना म्हणजे लांबच लांब शेड. आत हातभर उंचीच्या मूर्ती ओळीने मांडलेल्या, बहुतेक पांढऱ्या, काहींना रंग लागलेला. नमिताताई चाळिशीच्या असतील. त्या एका मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होत्या, म्हणून एका मुलीने आम्हाला बाकावर बसवलं. आखणी चालू असताना बोलायचं नाही. समोरच आमचा फ्रिज उभा होता, नाडी सुटलेली, दार किंचित उघडं. आत माती होती की नाही ते बाकावरून दिसत नव्हतं. मी मान लांब केली, तर इंदुबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

दोन्ही डोळे पुरे झाल्यावर नमिताताईंनी ब्रश पाण्यात टाकला आणि आमच्याकडे आल्या. माती भरली नव्हती. दार उघडल्यावर आतलं सगळं पाहून त्यांनी ते जसंच्या तसं एका पिशवीत काढलं, पिशवी माळ्यावर ठेवली, आणि नितेशला फोन लावत बसल्या. तो लागत नव्हता. हे ऐकून मी पिशवीसाठी हात पुढे केला.

"थांबा," नमिताताई म्हणाल्या. "कागद एकाचे नाहीत, सात-आठ जणांचे आहेत. एक दागिना पण आहे. तुमचंच कशावरून? काय काय होतं सांगा."

मी उभा राहिलो. हजारो वस्तूंचा स्टोअरकीपर. आत काय होतं हे मला माहीत नव्हतं. इंदुबाईंनी स्वतःच्या कागदांची खूण सांगितली, धोंडुबाईंचं आणि निकेशचं सांगितलं, पण दागिन्याचं त्यांना काही ठाऊक नव्हतं. उलट, दागिना कुणाचा असेल, याचा त्या तिथेच विचार करू लागल्या.

मग मात्र फोन लावण्यावाचून इलाज नव्हता. शाळेची मधली सुट्टी चालू होती, मागे पोरांचा गलका ऐकू येत होता. मी एका दमात सगळं सांगितलं. मग ताजुन्निसा म्हणाली, "फोन त्या बाईंकडे द्या. आणि तुम्ही दोघं बाहेर जाऊन उभे राहा. दुसऱ्याचं ठेवलेलं तुमच्यासमोर मोजायचं नाय."

आम्ही बाहेर शेवग्याच्या झाडाखाली उभे राहिलो. आतून नमिताताईंचा आवाज अधूनमधून येत होता: बर्फाच्या खणात, व्हय. दुसऱ्या कप्प्यात, निळी पिशवी, व्हय. अंड्यांच्या जागी डबी, व्हय. असं पाच-सहा मिनिटं चाललं. माझ्याकडे बावीस खोक्यांचं रजिस्टर होतं, आणि त्यातल्या एकाही खोक्याबद्दल मी असं बोलू शकलो नसतो.

नमिताताई फोन कानाला लावूनच बाहेर आल्या. चेहरा गंभीर होता, पण फार नाही.

"सगळं जुळलं," त्या म्हणाल्या. "आता शेवटची खूण. बाई म्हणतात, भाजीच्या खणात एक मार्कलिस्ट आहे, दहावीची, वाजिद नावाच्या माणसाची. गणितात किती मार्क आहेत ते त्या माणसाने सांगावं. बरोबर सांगितलं तर तो त्यांचा नवरा, नाहीतर पिशवी देऊ नका."

इथे मला थोडं मागचं सांगायला हवं. गणितात मला एकशे बत्तीस होते, दीडशेपैकी. हे मी ताजुन्निसाला लग्नाआधी सांगितलं होतं, मस्कतला मॅनेजरला सांगितलं होतं, उमामाला आणि जुहेबला तर इतक्यांदा सांगितलं होतं की जुहेबला कमी पडले तेव्हा तो आठवडाभर माझ्याशी फोनवर बोलला नव्हता.

"एकशे बत्तीस," मी म्हणालो.

नमिताताईंनी हातातल्या कागदावर पाहिलं आणि मान हलवली. फोनमध्ये म्हणाल्या, की हा माणूस तो नव्हे.

इंदुबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांची जमीन, तीन भावांची वाटणी, सासऱ्याचा अंगठा, सगळं त्या पिशवीत होतं.

"एकवीस," मी म्हणालो.

"कितीपैकी?"

"दीडशेपैकी. नापास. दुसऱ्यांदा बसलो नाही."

चाळीस वर्षांत मी हे पहिल्यांदा मोठ्याने बोललो, आणि तेही हमरापुरात, दोन बायकांसमोर, भर उन्हात. आकाश कोसळलं नाही. नमिताताईंनी पिशवी दिली. इंदुबाई म्हणाल्या, "एकवीस म्हणजे वाईट नाय. मी तर शाळा भायरूनच बघितली." आणि पिशवी माझ्या हातातून काढून स्वतःच्या कुशीत घेतली. परत येताना ती त्यांनी एकदाही माझ्याकडे दिली नाही.

ताजुन्निसा संध्याकाळच्या एसटीने आली. इंदुबाई पिशवी घेऊन दारात बसूनच होत्या. ती तिने घेतली, एकेक पाहिलं, आत नेऊन ठेवली. मग बाहेर येऊन, मी जेवलो का, एवढंच विचारलं. जेवलो नव्हतो. तिने एका गाठोड्यात हात घातला, न शोधता तवा काढला, आणि तांदळाच्या भाकऱ्या टाकल्या.

मार्कलिस्ट कधी मिळाली, ते मी खाता खाता विचारलं. तुमच्या अम्माच्या पेटीत, ती म्हणाली. अम्मा गेल्या त्या वर्षी, उमामा दहावीला होती तेव्हा. म्हणजे बारा वर्षं झाली.

"मग बोलली का नाहीस?"

तिने भाकरी उलटली. "तुम्ही तिकडून रोज फोनवर तिला गणिताचं विचारायचात. किती झालं, काय अडलं. बाकी तुमच्याकडे बोलायला काय होतं? ते पण बंद झालं असतं."

मला ते खरं वाटलं, म्हणून मी पुढची भाकरी मागितली. उमामाला मी प्रमेयं विचारत असे आणि ती सांगत असे. ती बरोबर सांगतेय की नाही, हे मला कधीच कळत नव्हतं. नेहमी म्हणायचो, 'छान, आता पुढचं.' तिला गणितात चांगले मार्क मिळाले, त्याचं श्रेय मी अजून घेतो.

शनिवारी ताजुन्निसाने ज्याचं त्याचं परत द्यायला सगळ्यांना बोलावलं. मला त्या वेळी मशिदीत जाऊन बसायला सांगण्यात आलं. परत आलो तर निकेशचं सर्टिफिकेट तेवढं गेलं होतं. बाकी एकीनेही काही नेलं नव्हतं. रोहा काय लांब हाय, असं धोंडुबाई म्हणाल्या म्हणे. आणि इंदुबाईंनी सगळ्यांच्या वतीने एकच अट घातली होती. ती काय, हे मला ताजुन्निसाने सांगितलं नाही, पण रोह्याच्या घरात ते सामान कुठे आहे, हे मला आजही माहीत नाही. मी शोधलेलंही नाही. एकदा फक्त पिठाच्या डब्याकडे जरा जास्त वेळ बघितलं, तर ती म्हणाली, "तिथे नाय."

रोह्यात आम्ही कुंडलिका नदीच्या अलीकडे, पहिल्या मजल्यावर राहतो. येऊन तीन आठवडे झाले असतील. एका दुपारी बेल वाजली. दारात एक म्हातारी उभी, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीच्या तोंडाला घट्ट गाठ. बाई आहेत का, तिने विचारलं. शाळेत आहेत, पाचला येतील, मी म्हणालो. पिशवी द्यायची असेल तर माझ्याकडे द्या, ठेवतो.

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझ्याबद्दल तिला कुणी काही सांगितलं होतं, की नुसतं बघूनच तिला कळलं, ते मला ठाऊक नाही.

"बाईंकडेच देईन," ती म्हणाली, आणि जिन्याच्या पायरीवर बसली.

तीन वाजले होते. मी आतून खुर्ची आणून दिली, पंख्याचं तोंड दाराकडे वळवलं आणि चहा ठेवायला गेलो.